किरकोळ जखमी

वर्तमानपत्रात त्या दिवशी बाबांना अर्धी ओळ मिळाली:
‘दुसऱ्या वाहनाचा चालक किरकोळ जखमी.’
बाकी सगळी पानं त्याची.
त्याचे डोळे, त्याची चेपलेली गाडी,
तुरीनच्या रस्त्यावर रडून बेशुद्ध पडलेल्या मुली.

नाव छापलं तेही चुकीचं,
एर्मेस फोर्लिनचं एर्नेस्तो केलेलं.
बाबांनी कळवलं नाही.
आयुष्यभरात सापडलेला तेवढाच आडोसा.

घरात त्या गायकाचं नाव नव्हतं.
रेडिओवर त्याचं गाणं लागलं
की आई स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायची.
कित्येक वर्षं मला वाटायचं
त्या गाण्यात मुळातच पाण्याचा आवाज आहे.

सप्टेंबरात फोन यायचे.
‘इथे तसं कुणी राहत नाही,’ बाबा म्हणायचे,
आणि रिसीव्हर ठेवून
उरलेलं सूप गार होईपर्यंत ढवळत बसायचे.

एकदा दुकानापुढे एक जोडपं थांबलं, बेर्गामोचं.
रेडिएटरमधून वाफ, मागच्या सीटवर माना टाकलेली फुलं.
बाबा पंप दुरुस्त करायचे, मोटारी नव्हे,
तरी त्यांनी पाणी भरलं, नळीला चाप लावला,
फुलांच्या देठांना ओलं गोणपाट गुंडाळून दिलं.
मग रस्ता सांगितला:
कालव्याच्या कडेनं सरळ,
बिटाची शेतं संपली की डावीकडे, तिथं एक दगड आहे.
इतका नेमका, की मी हातातलं काम थांबवून बघत राहिले.
पैसे घेतले नाहीत.
बाई म्हणाली, देव तुमचं भलं करो.
आणि त्या दुसऱ्याचं मात्र…
पुढचं तिनं गिळलं.
बाबांनी बॉनेट हळूच खाली आणलं,
कुणाचं बोट अडकणार नाही असं बघून.

मला गाडी शिकवली त्यांनीच.
चौकात म्हणायचे, डावीकडे बघ.
आता परत बघ.
आता परत.
मागून हॉर्नवर हॉर्न.
बाबा, रस्ता रिकामा आहे हो!
रिकामा दिसतो, ते म्हणाले.
आणि मग, खिडकीबाहेर बघत,
‘ऊन होतं.’
बाहेर तर त्या दिवशी धुकं होतं.
मला वाटलं, वय झालं.

ते इस्पितळात होते तेव्हा
उधारी वसूल करायला मी हिशेबाच्या वह्या काढल्या.
एकतीस वर्षं, तेच कोनाडी अक्षर.
लेंदिनाराचे पंप, बादियाचे पंप,
नदीकाठानं पश्चिमेची सगळी गावं.
आद्रियाचा एकही नाही.
पूर्वेला दोन पैसे जास्त देणारी माणसं होती,
आई यावरून भांडायचीसुद्धा.
रात्री दोन वाजता, चहा सांडल्यावर, कळलं:
सकाळी पश्चिमेला जायचं, संध्याकाळी परत यायचं.
दोन्ही वेळा सूर्य पाठीशी.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांच्या छातीवर स्टिअरिंगचा तो अर्धगोल व्रण होता,
नर्स पुसताना क्षणभर थबकली.
‘जुना आहे,’ मी म्हटलं. ‘किरकोळ.’

नेलं ते संध्याकाळी पाचला.
स्मशानभूमी गावाच्या पश्चिमेला;
हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.
वळणावर ऊन थेट काचेवर आलं.
पाद्र्यानं डोळ्यांवर प्रार्थनेचं पुस्तक धरलं,
ड्रायव्हरनं डोळे बारीक केले.
थांबव, मी म्हटलं.
इथं? चौकात?
इथंच. थोडं खाली उतरू दे त्याला.

मागे सात-आठ गाड्या,
एक ट्रॅक्टर, बिटानं भरलेला.
कुणी हॉर्न वाजवला नाही.